कावळा शिवत नाही, सबब काम निकृष्ट

तक्रार करणारा माणूस मला मनापासून आवडतो. हे वाक्य मी घरात बोललो की बायको म्हणते, "मग माझ्यावर का ओरडता?" तिचं बरोबर आहे. घरी मी चिडकाच आहे आणि साइटवरही काही संत नव्हतो. पण तक्रार करणाऱ्याची मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती "असू द्या, चालतंय" म्हणून सही करून निघून जाणाऱ्याची. तो पुन्हा आपल्याकडं येत नाही आणि का येत नाही तेही कळू देत नाही.

मी मूळचा दौंडचा. वडील रेल्वेत होते. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नोकरीची बहुतेक वर्षं सणसवाडीच्या एका कंत्राटदाराकडं काढली. कारखान्यांच्या शेड, गोदामं, ऑफिसं, आणि पुढं पुढं कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्याच्या, पैशातून गावांसाठी होणारी कामं, म्हणजे शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, घाट वगैरे. कार्डावर माझ्या नावाखाली प्रोजेक्ट मॅनेजर असं छापलेलं होतं. फर्ममध्ये मात्र कुणाचा तापलेला फोन आला की ऑपरेटर बाई सरळ म्हणायच्या, "सोनवणे साहेबांना देते, ते ऐकून घेतात." बांधलेलं काम ज्याचं त्याच्या ताब्यात द्यायचं आणि दिल्यावर जो जो बोंब मारेल त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं, हे माझं खातं.

बाहेरच्याला वाटतं, इमारतीचा मालक एकच असतो. कुठलं काय! पैसे देणारा एक, जागा देणारा दुसरा, फीत कापणारा तिसरा, आणि रोज वापरणारे, झाडणारे, पुसणारे निराळेच. ऑफिसात ह्या सगळ्यांना मिळून स्टेकहोल्डर म्हणतात. चांगलं काम कशाला म्हणायचं, ह्यावर त्यांचं आपसात कधीही जमत नाही. एका कारखान्याच्या मॅनेजरनं आमच्या फरशीची अशी तारीफ केली होती की तोंड दिसतंय म्हणे तिच्यात. दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्याच फोर्कलिफ्टवाल्यानं, बिहारकडचा होता तो, मला बाजूला घेतलं. "साहब, आपका फरश बहुत अच्छा है. बस ब्रेक नहीं लगता." मॅनेजरला चकाकी हवी होती आणि ह्याला जीव हवा होता. फरशी आम्ही घासून खरखरीत केली. मॅनेजर महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही, पण एकही गाडी घसरली नाही.

दौंड तालुक्यातल्या एका सोसायटीच्या चेअरमनसाहेबांची तऱ्हा वेगळी. नवी केबिन गरम होते, ही त्यांची तक्रार. आम्ही पंखा बदलला, छताखाली थर्माकोल लावला, खिडकीला काळी काच बसवली. तरी केबिन गरमच. शेवटी मी अख्खी दुपार त्यांच्यासमोर नुसता चहा पीत बसलो, तेव्हा उजेड पडला. दार अशा जागी होतं की येणाऱ्याला आधी साहेबांची पाठ दिसायची. येणारा नमस्कार करायचा तो पाठीला. आम्ही फक्त टेबल फिरवून दिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन, "सोनवणे, आता कसं गार वाटतंय बघा."

तेव्हापासून मी एक पक्कं केलं होतं. अर्जात लिहिलेली तक्रार वाचायची जरूर, पण मनातली सापडेपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. हे सगळं सांगायचं कारण, निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी माझ्याकडं आलेला एक अर्ज.

वडगाव रासाईच्या आसपास भीमेच्या काठानं बरीच गावं आहेत, त्यातलंच एक. नाव सांगत नाही. सांगितलं तर आप्पा माझ्याशी बोलणं टाकतील, आणि ते मला परवडणार नाही. तिथं आम्ही एका कंपनीच्या पैशातून दशक्रिया घाट बांधला होता. पाण्यापर्यंत उतरत्या पायऱ्या, स्टीलचं रेलिंग, पांढऱ्या टाइल्स, लोकांना बसायला वर पत्र्याचं छत, आणि छताखालीच कडेला पिंड ठेवायचा ओटा. उद्घाटनाला मंडप होता, ढोल-ताशा होता, फोटोंना तर तोटाच नव्हता. आणि वर्ष होत आलं तेव्हा ग्रामपंचायतीचा अर्ज आला. टाइल्स निघाल्या आहेत, रेलिंग गंजलं आहे, आणि शेवटचा मुद्दा असा: सदर घाटावर कावळा शिवत नाही, सबब काम निकृष्ट दर्जाचे आहे.

ऑफिसात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी म्हणालं कावळ्यांना निमंत्रणपत्रिका पाठवा, कुणी म्हणालं पुढच्या टेंडरमध्ये कावळा धरा. मीही हसलो. मग कंपनीच्या सीएसआरच्या मॅडमचा फोन आला. पोरगी हुशार, बोलणं मात्र फाडफाड. "सोनवणे सर, टाइल्सचं समजू शकते. बाकीचं काय आहे? मला रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागतं. गावची चूक असेल तर तसं लिहू आणि क्लोज करू."

मी घाटावर गेलो. टाइल्स खरंच दोन-चार निघाल्या होत्या, रेलिंगही गंजलं होतं. दोन्हीचा राग मी आमच्या सुपरवायझरवर तिथल्या तिथं काढला. पंचायतीची माणसं पायऱ्यांवर जमली होती. पुढं उपसरपंच शिवराम आप्पा. साठीचे, अंगापिंडानं दणकट, पांढरी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता नदीकडं बघायची सवय.

"टायली बशिवताल तुम्ही," आप्पा म्हणाले. "कावळ्याचं काय करताल ते सांगा."

मी विचारलं, नेमकं काय होतं? तर मागून कुणीतरी मला ऐकू जाईल असंच बोललं, "ह्यांच्यात कुठं कावळा शिवतोय? ह्यांना काय कळायचं त्यातलं?"

खरं सांगतो, डोकं सणकलं. आम्ही बौद्ध. आमच्याकडं पिंड नाही, कावळा नाही. वंदना होते, पुण्यानुमोदन होतं. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि ते बोलणं कुठून आलं तेही मला कळत होतं. मी मागं वळून म्हणालो, "आमच्यात कावळा लागत नाही, बरोबर आहे. पण आई आमच्यातही मरते." आवाज जरा जास्तच चढला.

आप्पांनी त्या माणसाला हातानंच जायला सांगितलं. बाकीचेही हळूहळू पांगले. मग ते माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि नदीकडं बघत बोलायला लागले.

"सायेब, घाट झाला आन् ह्या घाटावरलं पैलं दहावं माझ्या आईचं. पिंड ठेवला. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं, कावळा येईना. पल्याड करंजावर बसल्यात की चांगलं ओळीनं, पन हिकडं येत न्हाईत. म्या समदं बोललो बगा. आई, नातीचं लगीन करतो. आई, बाळूला अंतर देणार न्हाई. न्हाईच आला. शेवटी दर्भाचा कावळा केला आन् शिववला."

बाळू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. सणसवाडीत कारखान्यात नोकरीला, तिथंच खोली घेऊन राहणारा. त्या दिवशी सगळ्या भावकीसमोर तो म्हणाला होता, "दादा, तू तिला माझ्याकडं येऊ दिलं न्हाईस. ती शेवटपत्तुर माझं नाव घेत व्हती. म्हणून आई रुसून गेली." आणि तसाच उठून गेला. त्यानंतर ह्या घरचं पाणी तो प्यायला नाही. गावात आला तरी मित्राकडं जेवायचा.

"आता वर्षश्राद्ध आलं," आप्पा म्हणाले. "तवाबी कावळा शिवला न्हाई तर बाळू काय परत यायचा न्हाई. आन् खरं सांगू का सायेब, मलाबी वाटतंय, आई माझ्यावर रुसलीच आसंल. म्या न्हाईच जाऊ दिलं तिला. तिकडं खोलीत कोंडून पडली आसती, म्हणून न्हाई जाऊ दिलं."

त्यानंतर गावात झालेल्या बाकीच्या दहाव्यांनाही असंच झालं होतं. म्हणून गावानं ठरवलं, जागा बाधली, सिमेंटमध्ये काहीतरी आहे, काम निकृष्ट आहे. मला कावळ्याच्या शिवण्याचं काही नाही. पण समोरचा साठीचा माणूस आपल्या आईनं आपल्याला माफ केलं नाही असं धरून वर्षभर जेवत होता, झोपत होता, पंचायतीत जात होता. मी ठरवलं, हा मुद्दा टाइल्ससारखाच धरायचा. कावळा हा पक्षी आहे आणि तो इथं येत नाही. का येत नाही?

दुसऱ्या दिवशी एकटाच आलो. डब्यातली भाकरी कुस्करून ओट्यावर ठेवली आणि लांब जाऊन बसलो. करंजावर कावळे होते, माना वाकड्या करून भाकरीकडं बघत होते. एक उडाला, छताजवळ आला आणि गर्रकन वळून परत गेला. मग उरलेली भाकरी मी घाटाच्या खालच्या अंगाला, उघड्या खडकावर टाकली. मी पाठ फिरवायच्या आत तिच्यावर झुंबड! आता मला छताचा संशय आला. ओटा छताखाली घ्यायची कल्पना आमच्याच ड्रॉइंगमधली; पत्र्याखाली, माणसांच्या गर्दीत कुठला कावळा घुसेल? पण तेवढ्यानं जीव भरेना. कारण तो छतापाशी येऊन एकदम दचकला होता, आणि कशाला दचकला ते काही मला दिसलं नव्हतं.

उत्तर मिळालं ते सीएसआरच्या मॅडम पाहणीला आल्या त्या दिवशी. घाटाकडं जाताना आप्पा आमच्याच गाडीत पुढं बसले होते. वाटेत त्यांचं शेत लागलं. बाजरी निसवून कणसं भरली होती आणि शेतभर ती रुपेरी पट्टी ताणलेली होती, शेतकरी पाखरं हाकलायला लावतात ती, चमकपट्टी. उन्हात नुसती लखलखत होती आणि वाऱ्यावर भुर्रर्र आवाज करत होती. मॅडमनं कौतुकानं विचारलं, "हे डेकोरेशन आहे का?"

आप्पा खूश. "डेकोरेशन कशाचं मॅडम, राखण हाय ती. एक पाखरू फिरकत न्हाई बगा. घाटावरबी म्याच लावलीया, घाट झाला तवापासनं, छताच्या कडंनी. कबुतरं लई घाण करायची टायलींवर. तुमची कंपनी एवढा खर्च करती, म्हणलं आपून निदान स्वच्छ तरी ठिवावं. फाटली की लगेच नवी लावतो."

मी मागच्या सीटवर ताडकन सरळ झालो. घाटावर पोहोचलो आणि वर पाहिलं. छताच्या कडेला, बरोबर ओट्यावर, पट्टी भिरभिरत होती. मीही ती त्या दिवशी पाहिली असणारच. पण नव्या बांधकामावर काहीतरी चमचम असतेच, म्हणून डोळ्यांनी सोडून दिली. सगळं गाव शेतात ही पट्टी बांधतं, कशासाठी बांधतं ते शेंबड्या पोराला माहीत, आणि घाटावर वर्षभर कुणाच्याच टाळक्यात शिरलं नाही! बाजरीवर येतं ते पाखरू आणि पिंडाला येतो तो पूर्वज. दोघांना एकच पंख असतात, हे शोकात बसलेल्या माणसाला कसं सुचावं?

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. "सर, काही कारण सापडलं?"

शब्द अगदी ओठांवर होते. बोललो असतो तर फर्मच्या दृष्टीनं काम फत्ते होतं. चूक गावाची, तक्रार बंद, आमचा खिसा शाबूत. पण आजूबाजूला पंचायतीची चार माणसं उभी होती. संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं, की आप्पानं आईचा कावळा स्वतःच्या हातानं हाकलला. बाळूच्या कानावर तर मीठमसाला लावून गेलं असतं. आप्पा जन्मभर त्या हसण्याखाली दबून राहिले असते. मी म्हणालो, "मॅडम, ओटा छताखाली घेतला ही आमची चूक आहे. तो उघड्यावर घ्यावा लागेल. आमच्या खर्चानं घेऊ. बाकीचं मला जरा तपासू द्या." माझे मालक त्यावर फोनवर काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

रविवारी मोटारसायकल काढली आणि आप्पांच्या शेतावर गेलो. ते एकटेच होते. चहाचं विचारलं, मी म्हणालो, आधी बसा. मग त्यांच्या बाजरीकडं बोट केलं आणि विचारलं, "आप्पा, ह्या पट्टीला कावळा भितो का हो?"

"भितो म्हंजी! कावळा तर पैला पळतो. लई संशयी जात."

एवढं बोलले आणि थांबले. त्यांचा चेहरा आधी कोरा होता. मग हळूहळू त्यांचे डोळे मोठे झाले. टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता हा माणूस कोसळतोय. मी घाईघाईनं सांगायला लागलो, की हे मी कुणाला बोललेलो नाही, बोलणारही नाही, तुम्ही गावाच्या भल्यासाठीच लावली होती.

माझं त्यांना ऐकूच येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "म्हंजी सायेब... म्हंजी आई रुसली नव्हती?"

"नव्हती, आप्पा."

बांधावर बसून तो माणूस लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, त्यात लाजायचं काय! मला वाटलं होतं, आपण ह्याची लाज झाकायला आलोय. त्याला लाजेचं काहीच नव्हतं. चूक आपली निघाली ह्याचा एखाद्याला एवढा आनंद झालेला मी आख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

डोळे पुसून त्यांनी फोन काढला आणि माझ्यासमोरच बाळूला लावला. मी म्हटलं, आप्पा, दमानं. तर म्हणाले, "आता कशाला दम?" बाळूनं फोन उचलला हेच नवल. आप्पा ओरडूनच बोलले, जणू फोनशिवायच सणसवाडीला हाक मारतायत. "बाळू, आई रुसली नव्हती रं! म्याच कावळं हाकललं व्हतं. ती बाजरीतली पट्टी न्हाई का, ती म्याच लावली व्हती घाटावर. मी गाढव हाय. तू ये, काय म्हणायचं ते समद्यांपुढं म्हण."

पलीकडून बाळूचा आवाज, "श्राद्धाला येतो." बस्स, तेवढंच. फोन बंद झाला.

तोवर आम्ही ओटा छताबाहेर, पाण्याच्या अंगाला नवा बांधला. टाइल्स बसवल्या, रेलिंग बदललं. पट्टी आप्पांनी स्वतः शिडी लावून काढली आणि कुणी विचारलं तर का काढली ते सरळ सांगितलं. लोक हसले, आप्पाही हसले. मी ज्याला एवढा भीत होतो ते हसणं दोन दिवसांत विरून गेलं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ओटा उघड्यावर घेतला, पक्षी हाकलणारी पट्टी काढली, तक्रार मिटली. मॅडमनं विचारलं, पट्टी कुणी लावली होती? मी म्हणालो, स्वच्छतेची आवड असलेल्या एका स्टेकहोल्डरनं. त्या समजल्या असाव्यात, पुढं काही विचारलं नाही.

वर्षश्राद्धाला आप्पांनी मला मुद्दाम बोलावलं. मी पायऱ्यांवर बाजूला उभा होतो. मनात एकच धाकधूक, की कावळा हा पक्षी आहे आणि पक्षी कुणाला बांधील नसतो. नाहीच आला तर? बाळू आला होता, पण आप्पांपासून लांब, मित्रांच्या घोळक्यात उभा होता. राम राम झाला, तोही नुसत्या मानेनं.

आप्पा ओट्याशी वाकले. पत्रावळीवर भात, वडे, आईला आवडायची म्हणून गव्हाची खीर असं एकेक मांडत होते. खिरीची वाटी अजून त्यांच्या हातातच होती, तेवढ्यात करंजावरून एक कावळा सुटला, सरळ त्यांच्या मनगटाजवळ उतरला आणि वडा उचलला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. भटजींनी बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

आप्पा वाटी तशीच धरून, अगदी घरातल्यासारखं खेकसले, "अगं आई, दम धर की जरा! खीर तर वाढू दे!"

हसू फुटलं ते बाळूला. तो एवढ्यांदा हसला की सगळे त्याच्याकडं वळले, आणि हसता हसता त्याचे गाल ओले झाले. घोळक्यातून निघून तो ओट्यापाशी आला, आप्पांच्या हातातली वाटी घेतली, खीर स्वतः वाढली आणि उठताना आप्पांचा दंड धरला.

"चल दादा घरी," तो म्हणाला. "आई जेवली. मलाबी भूक लागलीया."

आणि वर्षभर ज्या घरचं पाणी तो प्यायला नव्हता, त्या घराच्या वाटेला आप्पांच्या पुढं होऊन लागला.